मराठवाड्यात मोतीबिंदूची ऑपरेशनं करायची असतील तर आधी फॅको शिकावं की एसआयसीएस?

तुमची इंटर्नशिप अंबाजोगाईला चालू आहे, डोळ्यांत एमएस करून इकडंच ऑपरेशनं करायची आहेत, तर हात आधी कशावर बसवावा, असं तुम्ही विचारलंय. माझं स्पष्ट मत: एसआयसीएस, म्हणजे मोतीबिंदूचं छोट्या छेदातून, बिनटाक्याचं, बिनमशीनचं ऑपरेशन. फॅको म्हणजे तोच मोतीबिंदू मशीनच्या अल्ट्रासाउंडनं आतच फोडून ओढून काढणं.

मोतीबिंदू पिकल्याशिवाय काढत नाहीत, हा समज गावोगाव अजून पक्का आहे. त्यामुळं टेबलावर येतो तो एकतर पांढराफेक, नाहीतर तपकिरी आणि दगडासारखा कडक. असा गर (मोतीबिंदूचा आतला गाभा) फॅकोनं फोडायला अल्ट्रासाउंड जास्त लागतो. त्यानं कॉर्नियाच्या (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याच्या) आतल्या थरातल्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. एसआयसीएसमध्ये गर अख्खा बाहेर येतो. पुढं फॅको करताना मधेच अडलात तर मागं फिरायची वाटही हीच.

एसआयसीएसची सगळी मदार टनेलवर, म्हणजे गर बाहेर काढायच्या बोगद्यावर. लिंबसच्या (कॉर्निया आणि पांढऱ्या भागाच्या सीमेच्या) मागं दीड-दोन मिमीवर, स्क्लेराच्या (डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीच्या) अर्ध्या जाडीपर्यंत, ६ ते ७ मिमीची खाच घ्यायची. क्रेसेंट ब्लेडनं (चंद्रकोरी पात्यानं) ती कॉर्नियात एक-दीड मिमी पुढं न्यायची, मग कीराटोमनं (टोकदार पात्यानं) आत शिरायचं. ब्लेड वर राहिलं की वरच्या पापुद्र्याला भोक पडतं. खाली गेलं की वेळेआधी आत घुसतं आणि आयरिस (बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा) जखमेत येतं. भोक पडलं तर तिथंच ओढाताण नको. दुसऱ्या टोकाकडून, थोडं खोल, नव्यानं सुरू करा.

पांढऱ्या मोतीबिंदूत ट्रिपॅन ब्लूशिवाय (कॅप्सूल, म्हणजे भिंगाची पिशवी, रंगवणाऱ्या निळ्या रंगाशिवाय) रेक्सिसला (त्या पिशवीला पुढून गोल भोक पाडण्याला) हात घालू नका. आत दुधाळ पाण्याचा दाब असतो, टोचलं की चीर थेट कडेपर्यंत पळते. आधी चेंबर (कॉर्नियामागची पोकळी) व्हिस्कोनं (घट्ट जेलनं) गच्च भरा, ते पाणी सुईनं ओढून घ्या, मग रेक्सिस. मागची कॅप्सूल मधोमध जेमतेम ४ मायक्रॉनची. ती फाटली तर आत असलेलं हत्यार दचकून बाहेर ओढू नका. साइड पोर्टमधून (बाजूच्या छोट्या छेदातून) व्हिस्को सोडा आणि मगच काढा, नाहीतर व्हिट्रिअस (डोळ्याच्या मागच्या भागातला जेलसारखा पदार्थ) मागोमाग येतो.

आणि ऑपरेशनआधी जंतू मारायला ५ टक्के पोव्हिडोन आयोडीन डोळ्यात पूर्ण ३ मिनिटं. यादी लांबली तरी त्यातलं एक मिनिटही कापू नका.

फॅकोची तयारी मात्र आतापासून करता येते. खाटकाकडून त्याच दिवशीचे बोकडाचे डोळे आणा. त्यांची कॅप्सूल माणसापेक्षा जाड आणि ताणली जाणारी असते, एवढं ध्यानात ठेवा. फॅको मशीन पायानं चालवायचं, त्याच्या पॅडलचे टप्पे तीन: पाणी, ओढ, अल्ट्रासाउंड. दुसरा पाय मायक्रोस्कोपच्या पॅडलवर. हातापेक्षा पायच उशिरा शिकतात.

मोतीबिंदूच्या जोडीला कॉर्नियाची आवड लावून घ्या, ही माझी कळकळीची विनंती. ज्वारीचं धाट, उसाचं पाचट डोळ्याला लागतं आणि कॉर्नियावर बुरशीचा अल्सर (जखम) होतो. मेडिकलवरून आणलेल्या स्टिरॉइडच्या थेंबानं लाली उतरते, बुरशी मात्र खोल जाते. जखम कोरडी, कडा पिसासारख्या दिसल्या की खरवडून केओएच (पोटॅशियम हायड्रॉक्साइड) घालून स्लाइड मायक्रोस्कोपखाली बघा. बुरशी दिसली तर स्टिरॉइड बंद आणि ५ टक्के नॅटामायसिन (बुरशीविरोधी थेंब) दर तासाला. रुग्णाला हे थेंब आठवडे चालतील असं पहिल्याच दिवशी सांगा. जरा बरं वाटलं की लोक थेंब सोडून शेतात जातात.