पडत्या काळात ऐकण्यासाठी मार्विन गे

कठीण काळात ऐकण्याजोगे काही सुचवा, असे तुम्ही विचारलेत, म्हणून अमेरिकन सोल गायक मार्विन गे यांचा १९७१ मधील ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ हा अल्बम सुचवतो. मात्र आनंदी गाण्यांचा संग्रह समजून तो लावू नका. सहगायिका टॅमी टेरेल यांचे १९७० मध्ये निधन झालेले, गे यांचा भाऊ व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेला, अशा दिवसांत घडलेले हे संगीत दुःखाला बगल न देता धीर देते आणि त्याची खरी ताकद, माझ्या मते, तिथेच आहे.

अल्बम जेमतेम ३५ मिनिटांचा असून मूळ तबकडीच्या पहिल्या बाजूची गाणी एकमेकांत मिसळत जातात, त्यामुळे शफल बंद ठेवा. शीर्षकगीतात गे यांचेच दोन आवाज एकमेकांवर बसवलेले आहेत, जणू एकच माणूस स्वतःची समजूत घालतो आहे. त्याखाली जेम्स जेमर्सन यांचा बास गिटार अखंड फिरत असतो आणि मोबाइलच्या स्पीकरवर नेमका तोच हरवतो, तेव्हा हेडफोन हवाच. शब्द पहिल्या खेपेस सगळे कळले नाहीत तरी बिघडत नाही. महागाई, कर आणि पोलिसी जाच यांवरचे अखेरचे ‘इनर सिटी ब्लूज’ सर्वांत कडवट आहे. एखाद्या दिवशी ते सोसवत नसेल तर खुशाल त्याआधीच थांबा, पण ऐकायला मधूनच सुरुवात करू नका.