वाचक विचारतात : हळदीत वाजवणारा पोरगा हिपहॉप प्रोड्युसर होऊ शकतो का?

प्रश्न : दादा, मी वाळवा तालुक्यातला, वय २१. मामाचा डॉल्बीचा धंदा आहे, हळदी-वरातीला मी लॅपटॉपवर गाणी लावतो आणि रात्री घरी येऊन एफएल स्टुडिओ या सॉफ्टवेअरवर बीट, म्हणजे रॅपच्या शब्दांखालचं संगीत, बनवतो. मागच्या वर्षी एका रॅपरला बीट दिला, त्याने गाणं टाकलं पण त्यात माझं नावच नाही. बाबा म्हणतात एमआयडीसीत लाग. पुण्यात दीड लाखाचा कोर्स आहे, करू का? आणि हळदीत वाजवणारा पोरगा खरंच हिपहॉपमध्ये जाऊ शकतो का, का लोक हसतील?

उत्तर : मित्रा, शेवटचा प्रश्न आधी घेतो कारण तोच तुला आतून खातोय असं वाटतं.

हिपहॉप जिथून सुरू झालं ती पार्टी हळदीपेक्षा फार वेगळी नव्हती. ११ ऑगस्ट १९७३, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये १५२० सेजविक अव्हेन्यू या बिल्डिंगचा खालचा हॉल, सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीला शाळा सुरू व्हायच्या आधी नवे कपडे घ्यायचे होते म्हणून तिने पार्टी ठेवली, मुलींना २५ सेंट आणि मुलांना ५० सेंट तिकीट, आणि गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजे डीजे कूल हर्क. हा जमैकातून आलेला, किंग्स्टनमध्ये रस्त्यावर मोठमोठे स्पीकर रचून लोक नाचायचे ते बघत वाढलेला. म्हणजे आपल्या भाषेत डॉल्बीच की! त्याने काय केलं तर नाचणाऱ्यांकडे बघितलं. गाण्यात जिथे गायक थांबतो आणि नुसता ड्रम उरतो तेवढ्याच तुकड्याची पोरं वाट बघत असतात हे त्याच्या लक्षात आलं, मग तो एकाच रेकॉर्डच्या दोन कॉपी घेऊन तोच तुकडा पुन्हापुन्हा फिरवायला लागला. पुढे लोक ज्याला ब्रेकबीट म्हणायला लागले ते हेच.

आता तू सांग, हळदीत बायका कुठल्या ठेक्याला उठतात, कुठल्या ठेक्याला पोरं पाणी प्यायला जातात, हे तुझ्याइतकं कुठल्या क्लासमधल्या पोराला माहितीये? एक वही कर. प्रत्येक सुपारीनंतर तीन ओळी लिही, कुठलं गाणं, किती बीपीएम, म्हणजे मिनिटाला किती ठोके, आणि नेमक्या कुठल्या क्षणी गर्दी उसळली. मी सुरुवातीची चार वर्षं हे केलंय, आजही बीट अडकला की त्या वह्या उघडतो.

आणि हो, फक्त गाणी लावू नकोस, मिक्स कर. कोळीगीतावरून हिपहॉपवर जाऊन बघ. बऱ्याच कोळीगीतांचा ठेका सहा मात्रांच्या झुल्यात असतो आणि हिपहॉप चार मात्रांत, त्यामुळे सरळ जोडलं की पाय अडखळतात. पण ट्रॅप या हिपहॉपच्याच प्रकारात हायहॅटमध्ये, म्हणजे ड्रमच्या झांजांमध्ये, जे ट्रिपलेट असतात, एका ठोक्याचे तीन तुकडे, ते कोळीगीताच्या झुल्याशी जुळतात. सहाचे तीन-तीन असे दोन ठोके धर, ट्रॅपचा ठोका त्याच्यावर बसव, आधी नुसता हायहॅट आत आण, मग किक, म्हणजे पायाने वाजवायचा मोठा ड्रम. एकदा जमलं ना की डीजे आणि प्रोड्युसर ही दोन कामं नाहीतच हे तुझं तुलाच कळेल, कारण हाच जोड उद्या तुझ्या बीटमध्ये येणार आहे.

बीटबद्दल एकच गोष्ट सांगतो, बाकी यूट्यूबवर फुकट आहे. ग्रिडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरने ठोक्यांसाठी आखलेल्या रेघांच्या, बाहेर पड. डेट्रॉइटचा हिपहॉप प्रोड्युसर जे डिला, २००६ साली अवघ्या ३२ व्या वर्षी गेला, तो एमपीसी मशिनवर बोटाने ड्रम वाजवायचा आणि बऱ्याचदा क्वांटाइज वापरायचाच नाही, म्हणजे मशिनला ठोके सरळ करू द्यायचा नाही, त्यामुळे त्याचा ड्रम माणसासारखा थोडा मागेपुढे डुलतो. त्याचं ते मशिन आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन म्युझियममध्ये ठेवलंय. तुझ्याकडे हलगी आहे. हलगीवाला कधीच घड्याळासारखा वाजवत नाही, ते डुलणं तुझ्या ड्रममध्ये आण. बेसचं म्हणशील तर १०० हर्ट्झच्या खालचं सगळं मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकसारखं, ठेव आणि ८०८, म्हणजे तो खोल घुमणारा बेस, गाण्याच्या सुरात लाव, नाहीतर हेडफोनवर गोड वाटतं आणि मामाच्या स्पीकरच्या भिंतीवर नुसती घरघर ऐकू येते. चेक करायला ती भिंत आहे तुझ्याकडे, मला असं काही मिळालं असतं तर मी वेडा झालो असतो!

आता नाव न लावल्याचं. वाचून वाईट वाटलं कारण माझ्याबरोबर हेच झालंय. एका कंपनीसाठी तीन गाणी केली, व्हॉट्सॅपवर "हो भाई हो भाई" इतकंच, नंतर ना नाव ना पैसे, आणि माझ्याकडे दाखवायला एक कागद नव्हता. म्हणून सांगतो. बीट पाठवायच्या आधी एक पान लिही, गाण्याचं नाव, बीट कोणाचा, शब्द कोणाचे, कोणाचा किती टक्के वाटा, क्रेडिटमध्ये काय छापायचं, दोघांच्या सह्या, फोटो काढून दोघांकडे. तोपर्यंत फक्त टॅग लावलेली, म्हणजे मध्येमध्ये तुझं नाव ऐकू येणारी, एमपी३ द्यायची. वेगवेगळे ट्रॅक, म्हणजे स्टेम्स, सहीनंतर.

अजून एक, हे नीट वाच. आपल्या कॉपीराइट कायद्यात साऊंड रेकॉर्डिंगचा "प्रोड्युसर" म्हणजे रेकॉर्डिंग बनवायचा पुढाकार आणि जबाबदारी घेणारा, आपण सिनेमाचा निर्माता म्हणतो तसा. हिपहॉपमधला प्रोड्युसर म्हणजे बीट बनवणारा. शब्द एकच, माणसं दोन. करारात नुसतं "प्रोड्युसर" लिहिलं की तू खुश होतोस आणि मालकी भलत्याकडे जाऊ शकते, म्हणून स्वतःला "संगीतकार" असंही लिहून घे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर सिनेमात किंवा रेकॉर्डिंगमध्ये घेतलेल्या संगीताची रॉयल्टी मिळायचा संगीतकाराचा हक्क कंपनीला लिहून घेता येत नाही, तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. आयपीआरएस ही संगीतकार-गीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी तशी सोसायटी, संगीतकार म्हणून तिथे सभासद हो. त्या जुन्या रॅपरला शांतपणे मेसेज कर, प्रोजेक्ट फाइलची तारीख दाखव, क्रेडिट मागून घे. बऱ्याचदा मिळतं.

कोर्स? दीड लाख घरात पडून असते तर तू विचारलं नसतंस. नको करू. त्यातल्या थोड्या पैशात एक साधा दोन डेकचा डीजे कंट्रोलर, बरे हेडफोन आणि लॅपटॉपला जोडायचा छोटा मिडी कीबोर्ड येतो. आणि एमआयडीसीला लाग, मी मनापासून सांगतोय. पगार असला की फुकटात बीट द्यायची वेळ येत नाही, नाही म्हणता येतं. बाबांना दोन वर्षांची मुदत माग, आणि कुठल्या महिन्यात किती कमावलंस ते त्यांना दाखवत जा.

प्रश्न : नमस्कार, मी नाशिकहून लिहितेय. मुलगा बारावीत आहे, दिवसाचे सात-आठ तास हेडफोन लावून संगीत बनवतो. यात खरंच पोट भरतं का?

उत्तर : ताई, भरतं, पण एका ठिकाणाहून भरत नाही. शो, दुसऱ्यांच्या गाण्यांचं मिक्सिंग, जाहिराती आणि वेबसिरीजचं काम, बीटची विक्री, रॉयल्टी असं तुकड्या-तुकड्याने येतं आणि पहिली काही वर्षं फार कमी येतं. त्यामुळे बारावी आणि पुढचं शिक्षण सोडू देऊ नका. पण मला जास्त काळजी त्याच्या कानांची वाटतेय. साधारण ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात आणि आवाज दर ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मी होते, म्हणजे १०० डेसिबलला फक्त १५ मिनिटं. गेलेली ऐकण्याची शक्ती परत येत नाही. आवाज कमी ठेवायला सांगा, तासाला दहा मिनिटं कान मोकळे, आणि वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. कान शाबूत आहेत तोवर हा धंदा आहे ताई.

प्रश्न : जुन्या लावणीतला चार सेकंदांचा तुकडा सॅम्पल केला, म्हणजे कापून माझ्या बीटमध्ये वापरला, तर चालतं ना? सोलापूर.

उत्तर : नाही रे, चार सेकंद चालतात असा नियम कुठेही नाही. १९९१ मध्ये अमेरिकेत बिझ मार्की या रॅपरवर सॅम्पलवरून केस झाली, तो हरला आणि तेव्हापासून तिथल्या कंपन्या परवानगीशिवाय सॅम्पल घ्यायला घाबरतात. आपल्याकडे रेकॉर्डिंगवर प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं हक्क असतो आणि चालीवर संगीतकार गेल्यानंतर ६० वर्षं, म्हणजे परवानग्या दोन, रेकॉर्डिंगची वेगळी आणि चालीची वेगळी. त्यापेक्षा तुमच्याच भागातला ढोलकीवाला गाठ, फोनवर का होईना तासभर त्याचं वाजवणं रेकॉर्ड कर, त्याला त्या दिवसाचे पैसे दे, वापरायची परवानगी लिहून घे आणि गाणं आलं की "ढोलकी :" पुढे त्याचं पूर्ण नाव टाक.