पद्मिनीचा फ्यूज घाटातच का उडतो?

प्रश्न : वडिलांची १९८२ सालची प्रीमियर पद्मिनी मी अजून वापरतो. गेल्या पावसाळ्यापासून तिचा एकच फ्यूज वारंवार उडतो आणि त्याबरोबर वायपर, ब्रेकचे दिवे व पेट्रोलचा काटा बंद पडतो. गाडी उभी असताना किंवा सपाट रस्त्यावर काहीही होत नाही. कुंभार्ली घाट उतरताना मात्र तो हमखास उडतो. आमच्या इलेक्ट्रिशियनने ८ अँपिअरच्या पांढऱ्या फ्यूजऐवजी १६ अँपिअरचा लाल फ्यूज बसवून दिला आहे. तो ठेवावा का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : लाल फ्यूज आजच काढावा. ब्रेकचे २१ वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर मिळून जेमतेम साडेतीन अँपिअर घेतात, त्यामुळे ८ अँपिअरचा फ्यूज त्या दिव्यांना मुळीच अपुरा नाही. जो प्रवाह पांढऱ्या फ्यूजला वितळवत होता, तो आता फ्यूज शाबूत ठेवून चाळीस वर्षांच्या जुन्या वायरीला तापवू शकतो आणि ती वायर ज्या मागच्या भागात जाते तिथेच पेट्रोलची टाकी आहे. सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून फ्यूज ‘चालू’ करण्याची जी जुनी रीत आहे, तिच्याहून हा उपाय फारसा वेगळा नाही.

उडालेला एखादा फ्यूज जपून ठेवला असेल तर तो नीट पाहावा. चिनी मातीच्या कांडीवरची पट्टी मधोमध तुटून कांडीवर काळे शिंतोडे उडाले असतील, तर शॉर्ट सर्किट झाले असे समजावे. पट्टी टोकाशी, पितळी पकडीजवळ करपली असेल, तर दोष पकडीचा असतो : कोकणच्या दमट हवेत तिच्यावर हिरवट थर चढतो, स्प्रिंग ढिली पडते आणि सांधा तापतो. फ्यूज बोटाने फिरवल्यावर दिवे लागले, तर हाच दोष आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते. तेव्हा बॅटरीची तार सोडून पकडी बारीक पॉलिश पेपरने घासाव्यात आणि किंचित आत वाकवून घट्ट कराव्यात.

तुमच्या बाबतीत मात्र मला पहिली शक्यता अधिक वाटते. घाट उतरताना दोन गोष्टी एकाच वेळी घडतात, ब्रेक दाबला जातो आणि गाडी वळणावर कलते. ब्रेक दाबल्यावरच फ्यूज उडत असेल, तर दोष ब्रेकच्या स्विचच्या अलीकडे नसून स्विचपासून मागच्या दिव्यांपर्यंतच्या वायरीत असला पाहिजे, कारण एरवी त्या वायरीत वीजच नसते. कलल्यावर ती वायर कुठेतरी पत्र्याला टेकत असावी.

ती जागा शोधण्यासाठी नवे फ्यूज जाळत बसू नये. उडालेल्या फ्यूजच्या दोन पकडींना २१ वॅटच्या बल्बची दोन टोके जोडावीत. शॉर्ट झाले तरी या बल्बमधून पावणेदोन अँपिअरपेक्षा जास्त प्रवाह जात नाही, त्यामुळे वायर जळण्याची भीती राहत नाही. मग वायपर बंद ठेवून, ब्रेकचे दोन्ही बल्ब होल्डरमधून काढून, चावी चालू करावी आणि कुणाला तरी ब्रेक दाबून धरायला सांगावे. या स्थितीत जोडलेला बल्ब विझलेला किंवा फार तर मिणमिणता असावा. आता डिकीतले अस्तर काढून वायरीचा जुडगा वीतभर अंतराने हलवत जावे. ज्या ठिकाणी बल्ब एकदम लख्ख पेटेल, तिथे वायर उघडी पडली आहे. पत्र्याच्या भोकातले रबर वाळून गळून पडलेले असते, त्या जागा आधी तपासाव्यात. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही मी अशाच शोधल्या आहेत. बल्बचे गंजलेले होल्डरही पाहायला विसरू नये. सापडलेल्या जागी नुसती टेप गुंडाळू नये. खराब तुकडा कापून तेवढ्याच जाडीची नवी वायर डाग देऊन जोडावी, भोकात नवे रबर बसवावे आणि मगच पांढरा फ्यूज लावावा.

प्रश्न : माझ्या पद्मिनीचे हेडलाइट पिवळट पडतात, म्हणून १०० वॅटचे बल्ब बसवावेत का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नको. असे दोन बल्ब मिळून सोळा अँपिअरच्या वर प्रवाह ओढतात आणि तो सगळा त्या जुन्या स्विचमधून जातो. स्विच आधी जळतो. इंजिन चालू ठेवून, दिवे लावून, मल्टिमीटरने आधी बॅटरीवर आणि मग बल्बच्या कनेक्टरवर व्होल्टेज मोजावे. एक व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर बल्ब आहेत तेच ठेवून दिव्यांच्या अर्थच्या तारा पत्र्यापासून सोडवून, गंज खरवडून पुन्हा घट्ट कराव्यात. तेवढ्यानेही उजेड वाढला नाही, तर बॅटरीपासून फ्यूजसह वेगळी जाड वायर घेऊन दोन रिले (थोड्या प्रवाहाने चालू होऊन मोठा प्रवाह जोडणारे स्विच) बसवावेत, म्हणजे जुन्या स्विचकडे फक्त रिले चालू करण्याचेच काम राहते.