मॉडेल रेल्वेचा क्लब काढू पाहणाऱ्या विद्यार्थ्यास

प्रिय विद्यार्थिमित्रा,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुमच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात मॉडेल रेल्वेचा क्लब काढायचे तू मनावर घेतले आहेस, हे वाचून फार आनंद झाला. तू पाठवलेली यादी मात्र इंजिने, डबे आणि ट्रान्सफॉर्मर यांच्या किमतींनीच भरली आहे. खरेदीला लागण्यापूर्वी अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत १९४६ साली सुरू झालेल्या टेक मॉडेल रेलरोड क्लबचा इतिहास नीट समजून घे, असे मी आग्रहाने सांगेन. विद्यार्थ्यांच्या क्लबाची मुख्य अडचण पैशाची नसते. चार वर्षांत सगळे सभासद निघून जातात, ही असते. तरीही तो क्लब पिढ्यामागून पिढ्या कसा चालला, हे तुला पाहायचे आहे.

आधी जागेचे पाहू. क्लबाला खोली मिळाली ती ‘बिल्डिंग २०’ या तीन मजली लाकडी इमारतीत. दुसऱ्या महायुद्धात रडारच्या संशोधनासाठी १९४३ साली घाईने उभारलेली ही तात्पुरती इमारत प्रत्यक्षात १९९८ पर्यंत टिकली. नोम चॉम्स्की यांचे भाषाशास्त्राचे कामही तिथेच चालत असे. देखणी ती मुळीच नव्हती, परंतु भिंतीला भोक पाडायला किंवा वायर वरून न्यायला तिथे कोणी हरकत घेत नसे, आणि मॉडेल रेल्वेला अशीच जागा मानवते. पाहुण्यांना दाखवायला बरी म्हणून तुम्हाला प्रवेशद्वाराजवळची काचेची खोली देऊ केली जाईल. तू कार्यशाळेमागची जुनी, पण कोरडी खोली मागून घे. कोरडी अशासाठी की आपल्याकडच्या पावसाळ्यात प्लायवुड फुगते आणि त्यावरचे रूळ जागा सोडतात.

आता मुख्य गोष्ट. त्या क्लबात दोन स्वभावांची मुले होती. काहींना डबे, पूल, डोंगर, घरे बनवण्यात रस होता, तर काहींना त्या देखाव्याखाली काय चालते यात. या दुसऱ्यांची ‘सिग्नल्स अँड पॉवर’ नावाची उपसमिती होती. एकाच मार्गावरच्या दोन गाड्या दोघांना स्वतंत्रपणे चालवायच्या असतील, तर रुळांचे विजेच्या दृष्टीने वेगळे तुकडे पाडावे लागतात; गाडी ज्या तुकड्यावर असेल तो तिच्या चालकाच्या नियंत्रकाला जोडलेला असावा लागतो, आणि गाडी पुढे सरकली की ती जोडणीही पुढच्या तुकड्यावर जावी लागते. लेआउट, म्हणजे टेबलावरची रुळांची सारी मांडणी, लहान असेल तर साध्या स्विचांवर हे निभावते. गाड्या आणि फाटे वाढले की हात अपुरे पडतात. या मुलांनी त्यासाठी टेलिफोन एक्स्चेंजमधले रिले, म्हणजे विजेनेच उघडझाप होणारे स्विच, आणि एकेक पायरी पुढे सरकणारे स्टेपिंग स्विच वापरले, आणि हवा तो तुकडा निवडण्यासाठी टेलिफोनचीच डायल बसवली. यातले बरेचसे सामान वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीकडून देणगी म्हणून आले होते. डायल फिरली की टेबलाखाली रिले एकामागून एक खटखटत आणि वीज या तुकड्यावरून त्या तुकड्यावर गेल्याचे कानांना कळे. माझी सारी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. गाडीसाठी मार्ग जोडला जाताना रिले-रूममध्ये होणारा असाच आवाज मी रोज ऐकला आहे, म्हणून त्या विद्यार्थ्यांनी खऱ्या रेल्वेचे मर्म नेमके ओळखले होते असे मी खात्रीने म्हणतो. पुढचा तुकडा मोकळा आहे हे कळल्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नाही, एवढ्या एका तत्त्वावर आमचे खाते उभे आहे.

त्या खोलीत ठिकठिकाणी आणीबाणीचे स्विच होते. गाडी अडथळ्यावर आदळणार असे दिसताच जवळ असेल त्याने स्विच दाबायचा. मग नियंत्रण-फलकावरचे अंकी घड्याळ थांबे आणि वेळेच्या जागी ‘FOO’ (फू) ही अक्षरे उमटत. तुमच्या टेबलावर पहिला रूळ बसण्याआधी असा स्विच बसवून घे, आणि तो दाबणाऱ्याला कोणी जाब विचारणार नाही असा नियमही कर.

याच मुलांपैकी काही जण पुढे संगणकाकडे वळले. १९५८ मध्ये एमआयटीत आलेला टीएक्स-० आणि १९६१ मध्ये आलेला पीडीपी-१ या यंत्रांवर त्यांनी रात्री जागवल्या. स्टीव्ह रसेल यांच्या पुढाकाराने १९६२ साली ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार झाला, तेव्हा त्याच्या नियंत्रण-पेट्या ॲलन कोटॉक आणि बॉब साँडर्स यांनी क्लबाच्या खोलीत सापडलेल्या सामानातून जुळवल्या. हा भाग प्रसिद्ध आहे, म्हणून त्यावर अधिक लिहीत नाही.

त्यापेक्षा दोन नियम उचल. एके काळी लेआउटवर चाळीस तास काम केल्याशिवाय तिथे खोलीची किल्ली मिळत नसे. वर्गणी भरली म्हणजे सभासद झाला, असे तूही मानू नकोस. नव्या मुलाला पहिल्या आठवड्यात सोल्डरिंगला बसव. दुसरे लिखाणाचे. क्लबाचे एक सभासद पीटर सॅमसन यांनी १९५९ साली क्लबात रूढ झालेल्या शब्दांचा एक छोटा कोश लिहून ठेवला. तुम्ही निदान प्रत्येक वायरीला क्रमांक द्या आणि त्या क्रमांकांची वही खोलीतच ठेवा. ज्याने वायरिंग केले तो नोकरीला बंगळुरूला गेला की मागे राहिलेल्यांना त्या जंजाळातून वाट काढणे अशक्य होते, आणि माझ्या मते बहुतेक विद्यार्थी-क्लब नेमके इथेच संपतात.

बिल्डिंग २० पाडायची ठरल्यावर क्लबाला नव्या इमारतीत जावे लागले आणि एचओ स्केलचा, म्हणजे १:८७ प्रमाणाचा, लेआउट तिथे नव्याने बांधायला घ्यावा लागला. नव्या लेआउटवर त्यांनी संस्थेच्याच ग्रीन बिल्डिंगची प्रतिकृती उभी केली आणि तिच्या खिडक्यांतल्या दिव्यांवर टेट्रिस हा ठोकळे रचण्याचा संगणकीय खेळ खेळण्याची सोय केली. तुमची खोलीही कधीतरी काढून घेतली जाईल, हे गृहीत धरूनच टेबल सुटे कर. प्रत्येक भाग दोघांना उचलता यावा, दारातून आडवा न करता निघावा आणि दोन भागांमधल्या सगळ्या वायरी एकाच प्लगमधून जाव्यात. या बेताने कच्चा नकाशा काढून मला पाठव. रुळांचे तुकडे कुठे पाडायचे ते मी त्यावर खुणा करून कळवीन. इंजिनांची खरेदी तोवर थांबव.

तुझा शुभचिंतक