मुद्दाम आणून लावलेलं झाड आफ्रिकेत तण कसं होतं? तोडून कोळसा केला तर ते संपणार नाही का?

केनियातल्या बारिंगो भागाचं उदाहरण घ्या. सरपणाची टंचाई आणि उघडे पडलेले माळ यांवर उपाय म्हणून तिथे १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला 'प्रोसोपिस' लावलं गेलं. म्हणजे आपली वेडी बाभूळ, मूळची अमेरिका खंडातली. हेतू चांगलाच होता. पावसाविना तगणारं, शेळ्या पाल्याला तोंड लावणार नाहीत असं आणि तोडलं तरी पुन्हा फुटणारं झाड हवं होतं. तसंच मिळालं, आणि याच गुणांनी पुढे घात केला.

पाला नकोसा असला तरी शेंगा गोड. शेळ्या त्या आवडीनं खातात. बी पोटातून शाबूत निघतं आणि लेंडीतच रुजतं, त्यामुळे शेळ्या जातील तिकडे झाड पोचलं. बारिंगो तळ्याकाठची इल्चामूस पशुपालकांची कुरणं काटेरी जाळीनं भरली, खाली गवत उगवेना. शेंगांचा गोड चिकटा दातांत बसून शेळ्यांचे दात किडले, पडले. दात गेलेल्या शेळीला चरता येत नाही, ती उपाशी मरते. २००६ साली या लोकांनी सरकारला कोर्टात खेचलं, तेव्हा पुरावा म्हणून बोळकं झालेली शेळीच हजर केली. मला त्यांचं म्हणणं शंभर टक्के पटतं: झाड लावताना कुरण कोणाचं, हे विचारायला हवं होतं.

आता कोळशाचं. सोलापूरकडच्या माळावर तोडलेली वेडी बाभूळ मी जवळून पाहिली आहे. पाऊस पडला की एका खोडाच्या जागी पाच-सात फोक येतात, आणि काटा चपलेच्या तळातून थेट पायात. कोंब फुटतात ते जमिनीलगतच्या आणि जरा खालच्या भागातून, त्यामुळे बुंधा खणून काढल्याशिवाय झाड मरत नाही. कोळसेवाला कशाला खणेल? त्याला तर ते पुन्हा फुटायलाच हवं. हेच झाड रोखायला दक्षिण आफ्रिकेनं १९८७ मध्ये त्याचं बी खाणारे भुंगेरे सोडले, पण पडलेल्या शेंगा भुंगेऱ्यांच्या आधी जनावरंच फस्त करतात.

कोळशाला माझा विरोध नाही. फक्त बुंधे खणायची आणि तिथे गवत लावायची मजुरी त्याच पैशातून निघाली पाहिजे. आणि त्याआधी, कुरणात नुकती उगवलेली रोपं शेंगा धरायच्या आत उपटायला माणसं लावावीत.