मुख्यमंत्री विठ्ठलाची पूजा का करतात?

चि. ओवी,
अनेक आशीर्वाद.

आषाढी एकादशीच्या बातम्या बघताना तू विचारलंस, "आई, तिकडे मुख्यमंत्रीच पूजा करतात, मग सरकारचा धर्म हिंदू आहे का? आणि उद्या मुख्यमंत्री ख्रिश्चन असले तर?" प्रश्न अगदी वर्मावरचा आहे. फोनवर दोन वाक्यांत भागणार नाही, म्हणून पत्र.

तुझ्या तिथल्या, अमेरिकेतल्या सरकारी शाळेत बाई प्रार्थना सांगत नाहीत, त्यामागे १९६२ चा एक निकाल आहे. न्यूयॉर्क राज्याने शाळांसाठी २२ शब्दांची प्रार्थना तयार केली होती. तीत कुठल्या पंथाचं नाव नव्हतं, ती म्हणायची सक्तीही नव्हती. तरी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की प्रार्थना रचून देणं हे सरकारचं काम नव्हे. तू आपली मनातल्या मनात रामरक्षा म्हटलीस तर मात्र तुला कोणी अडवू शकत नाही.

भारताच्या राज्यघटनेत धर्म आणि सरकार यांच्यामध्ये अशी सरळ भिंत नाही. अनुच्छेद २७ प्रमाणे एखाद्या धर्मावर खर्च करण्यासाठी म्हणून कुणाकडून कर घेता येत नाही. २८ प्रमाणे पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही. इथपर्यंत दोन्हीकडे सारखंच. पण अनुच्छेद २५ धर्मस्वातंत्र्य देतो आणि त्याच दमात सरकारला मुभाही देतो, की धर्माला जोडलेल्या पैशाच्या व्यवहारांवर कायदा करा आणि सार्वजनिक हिंदू देवळं सगळ्या हिंदूंना खुली करा. ही मुभा का लागली, ते पंढरपुरात उभं राहिलं की कळतं.

देवळाच्या महाद्वारात नामदेव पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. त्यांचे अभंग वारीत सगळे गातात, पण ते महार होते म्हणून त्यांना आत प्रवेश नव्हता. त्यानंतर सहाशे वर्षं ही बंदी टिकली. साने गुरुजींनी १ मे १९४७ ला पंढरपुरात उपोषण सुरू केलं, तेव्हा कुठे दार उघडलं. त्याच वर्षी मुंबई प्रांताने हरिजन मंदिर प्रवेशाचा कायदा केला, आणि १९५६ चा हिंदू सार्वजनिक पूजास्थळ प्रवेशाचा कायदा त्याहून व्यापक झाला. सार्वजनिक हिंदू देवळात कुठल्याही वर्गाच्या हिंदूला अडवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद.

कायदा झाला म्हणजे तो पाळला गेला असं नाही. शनिशिंगणापूरला चौथऱ्यावर बायकांना मज्जाव होता तो थेट २०१६ पर्यंत. मुंबई उच्च न्यायालयाने त्या वर्षी १ एप्रिलला सरकारला आठवण करून दिली की हा १९५६ चाच कायदा आहे, तो राबवा. दुसऱ्याच दिवशी गेलेल्या बायकांना गावकऱ्यांनी अडवलं. शेवटी ८ एप्रिलला, गुढीपाडव्याला, देवस्थानाने चौथरा सगळ्यांना खुला केला. साठ वर्षं कागदावर असलेला हक्क वापरला गेला नाही, कारण तक्रार करायला कोणी पुढे येत नव्हतं आणि आपणहून लक्ष घालायची पोलिसांना इच्छा नव्हती. तुला कुठे असं अडवलं, तर वाद घालत बसू नकोस, पोलीस ठाण्यात १९५६ च्या कायद्याचं नाव घेऊन लेखी तक्रार दे.

दुसरा भाग पैशाचा. पंढरपूरचं विठ्ठलाचं देऊळ पिढ्यान्‌पिढ्या बडवे या पुजारी घराण्यांकडे होतं, रुक्मिणीचं उत्पात घराण्यांकडे, आणि पूजेतली वेगवेगळी कामं सेवाधाऱ्यांकडे वाटलेली. देवापुढे येणारं उत्पन्न घेण्याच्या हक्काचा बडव्यांमध्ये लिलाव व्हायचा. आता विचार कर, ज्याने चढी बोली लावली तो ती वसूल कुणाकडून करणार? रांगेत उभ्या असलेल्या शेतकऱ्याकडूनच. दक्षिणेसाठी अडवणूक, वादावादी, सगळं त्यातूनच आलं. सरकारने नाडकर्णी आयोग नेमला आणि १९७३ मध्ये पंढरपूर मंदिरे अधिनियम झाला. त्याने हे वंशपरंपरागत हक्क रद्द करून देऊळ समितीकडे सोपवलं. बडवे कोर्टात गेले. खटला इतका लांबला की सर्वोच्च न्यायालयाचा शेवटचा निकाल यायला जानेवारी २०१४ उजाडला. त्याच वर्षी समितीने पुजाऱ्यांसाठी जाहिरात काढली, कुठल्याही जातीचे चालतील, बायकाही. ज्या देवळाबाहेर चोखोबांना ठेवलं तिथे असं घडलं, याचं मोल मला फार वाटतं.

आता तू विचारलेल्या पूजेकडे येते. एकादशीच्या पहाटे अडीचच्या सुमाराला महापूजा सुरू होते. दूध, दही, तूप, मध, साखर यांनी मूर्तीला स्नान, मग वस्त्रं, हार, आरती. मुख्यमंत्री सपत्नीक बसतात, आणि त्यांच्या जोडीला दर्शनाच्या रांगेतलं एक जोडपं, मानाचे वारकरी. त्यांना एसटीचा वर्षभराचा मोफत पास मिळतो.

म्हणून उत्तर असं, की महाराष्ट्र सरकारला धर्म नाही. दार उघडणं, हिशोब तपासणं, बारीचा मंडप घालणं, पाणी आणि शौचालयं पुरवणं, एवढं सरकारने करावं आणि ते नेटाने करावं. पण पूजेचं यजमानपद पदाला चिकटलं की तू विचारलेली अडचण उभी राहते. मुख्यमंत्र्याला धर्माची अट घटनेत नाही. अब्दुल रहमान अंतुले १९८० ते १९८२ त्या पदावर होतेच. उद्या तिथे नास्तिक माणूस आला तर त्याने गाभाऱ्यात बसून खोटं वागावं का? माझ्या मते हा मान सरकारने सोडून द्यावा.

तसं झाल्याने विठ्ठलाचं काही अडत नाही. २०१८ साली मराठा आरक्षणाच्या आंदोलनामुळे मुख्यमंत्री पंढरपूरला गेले नाहीत, त्यांनी घरीच पूजा केली. त्या पहाटे गाभाऱ्यात रांगेतून आलेलं वारकरी जोडपंच पूजेला बसलं, आणि आरती झाल्यावर दर्शनाची बारी नेहमीसारखी पुढे सरकू लागली.

तुझी,
आई