गॅरेजमधला वर्कबेंच: आधी हलायचा थांबवा, खण नंतर करा

मागच्या वेळी रंध्याच्या पात्याला धार कशी लावायची ते लिहिलं होतं, तेव्हापासून एकच विचारणा येतेय की धार लावली, पण काम करायचं कशावर? डायनिंग टेबलवर घरचे करू देत नाहीत आणि जमिनीवर बसून कंबर धरते. म्हणून यावेळचे सगळे प्रश्न गॅरेजमधल्या वर्कबेंचवरचेच घेतलेत.

प्रश्न: सर नमस्कार, गॅरेजमध्ये एका भिंतीलगत सात फूट जागा मोकळी आहे. जमेल तसं सुतारकाम, घरातल्या खुर्च्या-कपाटांची दुरुस्ती आणि अधूनमधून सायकलचं काम, एवढंच करतो. उंचीबद्दल प्रत्येक जण वेगळंच सांगतो, कोणी 34 इंच कोणी 38. टॉपला काय वापरू, पाय कसे करू? पहिल्यांदाच बनवतोय.

उत्तर: उंचीचा आकडा दुसऱ्याचा घेऊच नका, तो तुमच्या अंगावरच असतो. रोजची चप्पल किंवा बूट घालून सरळ उभे राहा, हात मोकळे सोडा आणि जमिनीपासून मनगटाच्या घडीपर्यंत कोणाला तरी टेप लावायला सांगा. रंधा मारायचा, करवतायचं, ठोकायचं असेल तर बेंच या उंचीचा हवा, कारण रंध्यावर नुसता हात चालत नाही, वरून अंगाचा भार पडावा लागतो आणि बेंच उंच झाला की सगळं काम खांद्यावर येतं. साडेपाच फूट उंचीच्या माणसाला हे माप 80 ते 85 सेंटीमीटरच्या आसपास येतं. बारीक काम, म्हणजे सोल्डरिंग, मार्किंग, कोरीवकाम, यासाठी मात्र कोपराच्या जवळपासची उंची लागते, नाहीतर मान वाकवून वाकवून दुखते. तुमचं काम मिश्र आहे तर मनगटापेक्षा तीन-चार सेंटीमीटर वर ठेवा आणि बारीक कामासाठी बेंचवर ठेवायची छोटी चौकी करून घ्या. उंच बेंच नंतर पायातून कापता येतो, बुटका झालेला वाढवणं कटकटीचं.

खोली (म्हणजे पुढून मागे) दोन फूट पुरे. भिंतीला लागून असलेल्या बेंचवर त्यापलीकडे हात नीट पोचत नाही, आणि जिथे हात पोचत नाही तिथे डबे, तुटके स्विच आणि उरलेले स्क्रू साचत जातात. लांबी सहा फूट ठेवा, सात फूट भिंतीत एका बाजूला फूटभर जागा सुटली तर लांब पट्टी कापताना ती बाहेर काढायला बरं पडतं.

टॉपसाठी 18 एमएमची आठ बाय चार फुटांची एक चांगली प्लाय शीट घ्या, लांबीत मधोमध कापून दोन पट्ट्या करा, दोन्ही सहा फुटांवर कापा आणि एकावर एक चिकटवा, झाला 36 एमएमचा टॉप. वर साधारण दोन बाय दोन फुटांचे दोन तुकडे उरतात ते खालच्या शेल्फला येतात. चिकटवताना दोन्ही पट्ट्यांना थोडा बाक असेलच, तर खोलगट बाजू एकमेकींकडे करा म्हणजे दोघींचा बाक एकमेकींना मारतो. ग्लू कडेपर्यंत पसरवा आणि स्क्रू खालून मारा, 30 एमएमचे, म्हणजे वरच्या बाजूला लोखंड कुठेच येणार नाही. असा टॉप एकटाच पंचवीसेक किलोचा होतो. हे वजन तुमच्या फायद्याचंच आहे, हलका बेंच रंध्याबरोबर सरकत जातो. सलग लाकडाच्या फळ्यांचाही टॉप छान होतो पण ते लाकूड हवेतल्या ओलाव्याप्रमाणे रुंदीत फुगतं आणि आकसतं, त्यामुळे तो घट्ट स्क्रूने जखडला की फाटतो, फ्रेमला जोडताना स्क्रूची भोकं लांबट ठेवावी लागतात. पहिल्या बेंचला प्लायच बरी.

आता पाय, आणि इथे घाई करू नका कारण बेंच चांगला की वाईट हे इथेच ठरतं. बरेच जण पायाला आडव्या पट्ट्या बाजूने लावून दोन-दोन स्क्रू मारतात. दिसायला झकास, पण मग टॉपचं, व्हाइसचं (काम जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा), तुमच्या ठोकाठोकीचं सगळं ओझं त्या स्क्रूंवर लोंबकळतं, काही दिवसांनी भोकं सैल होतात. त्याऐवजी प्रत्येक पाय दोन पट्ट्या जोडून करा (चार बाय दोन इंची लाकूड सहज मिळतं). बाहेरची पट्टी पूर्ण उंचीची, आतली मात्र तुकड्यांत: खाली एक तुकडा, त्याच्या डोक्यावर खालची आडवी पट्टी टेकते, मग दुसरा तुकडा, त्याच्या डोक्यावर वरची आडवी पट्टी टेकते. म्हणजे वजन लाकडावरून लाकडावर आणि तिथून सरळ जमिनीत जातं, स्क्रूचं किंवा बोल्टचं काम फक्त धरून ठेवण्याचं राहतं. छिन्नी-करवत अजून हातात बसली नसेल तरी हा सांधा जमतो, यात खाच कोरायची नसते, फक्त तुकडे काटकोनात आणि एकाच मापाचे कापायचे असतात. चारही पायांचे सारखे तुकडे एकाच वेळी कापा, प्रत्येकाला टेप लावत बसू नका, पहिला तुकडा मापाला ठेवून बाकीचे त्यावरून काढा. कडेच्या स्क्रूला आधी बारीक भोक पाडून घ्या नाहीतर टोकाला लाकूड चिरतं. फ्रेम उभी झाली की गुण्या लावून बघा, आणि त्यापेक्षा खात्रीचं म्हणजे दोन्ही कर्ण मोजा, सारखे आले तरच फ्रेम काटकोनात आहे.

प्रश्न: माझा बेंच तयार आहे, लाकूड जाडजूड आहे, बोल्ट टाईट आहेत तरी करवत चालवली की डावीकडे-उजवीकडे डुलतो. अजून जाड पाय लावू का?

उत्तर: पाय जाड करून हे जात नाही. चौकोनाला चार सांधे असतात, ते जरासे जरी फिरले तरी अख्खा चौकोन तिरका होतो, त्रिकोण मात्र बाजूंची लांबी बदलल्याशिवाय आकार बदलूच शकत नाही. त्यामुळे तुमच्या बेंचला कुठेतरी त्रिकोण द्यायला हवा. डावी-उजवी डोलतोय म्हणजे मागच्या बाजूला एक लांब तिरकी पट्टी हवी, एका पायाच्या तळापासून दुसऱ्याच्या वरच्या टोकापर्यंत, दोन्ही टोकं बोल्टने. त्याहून सोपं आणि माझ्या मते जास्त चांगलं म्हणजे पाठीमागे पायांच्या मधल्या पूर्ण भागाला 9 किंवा 12 एमएम प्लायचा तुकडा ग्लू लावून स्क्रू मारायचा, दर सहा इंचाला एक. ती प्लाय म्हणजे सगळ्या दिशांनी तिरकी पट्टीच. पुढे-मागे पण डुलत असेल तर दोन्ही बाजूच्या पायांनाही तसंच करा. हे सगळं करूनही हलला तर भिंतीला दोन ठिकाणी अँगलने बांधून टाका, भिंतीइतकं मजबूत दुसरं काही गॅरेजमध्ये नसतं.

आणि एक, ही प्लाय बसेपर्यंत ड्रॉवर करू नका. हलणाऱ्या फ्रेममध्ये बसवलेला ड्रॉवर अडकतोच, मग लोक ड्रॉवर तासत बसतात.

प्रश्न: बनवताना बेंच सपाट होता, गॅरेजमध्ये ठेवला तर एका बाजूला उतरता दिसतो, बोल्ट ठेवला की घरंगळत जातो. काय चुकलं?

उत्तर: काही चुकलं नाही, गॅरेजच्या फरशीला पाणी बाहेर जायला दरवाजाकडे मुद्दाम उतार दिलेला असतो. मीटरला एक सेंटीमीटर उतार धरला तरी सहा फुटी बेंचच्या दोन टोकांत जवळजवळ दोन सेंटीमीटरचा फरक पडतो. पायाखाली फिरवून उंची बदलता येणारे लेव्हलिंग फूट लावा, पाणसळ आधी लांबीत ठेवा मग आडवी, आणि शेवटी दोन कर्णांवर ठेवून बघा म्हणजे टॉपला पीळ नाही ना ते कळतं. फूट मिळाले नाहीत तर पातळ पाचरी मारा, पण त्या ग्लूने पायालाच चिकटवा, सुट्या ठेवल्या तर झाडूबरोबर निघून जातात. दुसरं, लाकडाचा कापलेला तळ थेट काँक्रीटवर टेकवू नका. लाकडाचे रेषे उभे असतात आणि तिथून ते ओल वर खेचतं. तळाला व्हार्निश किंवा इपॉक्सीचे दोन-तीन हात द्या आणि खाली रबराचा तुकडा ठेवा.

प्रश्न: व्हाइस कुठे बसवू? मधोमध लावला तर दोन्हीकडून वापरता येईल असं वाटतं.

उत्तर: मधोमध नको, तिथे खाली पाय नसतो, हातोडी मारली की टॉप स्प्रिंगसारखा उसळतो आणि अर्धा मार वाया जातो. लोखंडाचा व्हाइस पायाच्या बरोबर वर किंवा अगदी शेजारी घ्या. न हलणारा जबडा टॉपच्या कडेच्या किंचित बाहेर येऊ द्या, म्हणजे लांब पाइप किंवा पट्टी उभी धरली तर ती खाली जमिनीपर्यंत जाऊ शकते, टॉपला अडत नाही. जबड्याची वरची कड तुमच्या कोपराच्या उंचीला आली की कानस आडवी, सरळ चालते. व्हाइस स्वतःच पंधरा-वीस सेंटीमीटर उंच असतो, म्हणून मनगटाच्या उंचीचा बेंच याला बहुतेक जुळतोच. साधे लाकडाचे स्क्रू नकोत, आरपार बोल्ट, खाली मोठे वॉशर.

लाकडाचा व्हाइस वेगळा. उजव्या हाताने काम करणाऱ्याला तो पुढच्या बाजूला डाव्या टोकाला सोयीचा पडतो, जबडे टॉपच्या पातळीत किंवा एखादा मिलिमीटर खाली, आणि आतून लाकडाच्या फळ्या लावा, नाहीतर प्रत्येक तुकड्यावर लोखंडाचे ठसे उमटतात. दोन्ही घ्यायची गरज नाही, पहिल्यांदा ज्याचं काम जास्त तोच घ्या.

प्रश्न: लाइट आणि प्लग पॉइंटचं सांगा ना. सध्या छताला मध्यभागी एक बल्ब आहे आणि घरातून एक्स्टेंशन ओढलंय.

उत्तर: मध्यभागी बल्ब म्हणजे तो तुमच्या पाठीमागे येतो आणि तुमचीच सावली कामावर पडते. चार फुटी दोन एलईडी ट्यूब बेंचच्या पुढच्या कडेच्या बरोबर वर, लांबीला समांतर लावा, 4000 ते 5000 केल्विनच्या (हे प्रकाशाच्या रंगाचं माप), डोळ्यांना सरळ दिसणार नाहीत अशा. जुन्या चोकच्या ट्यूब असतील तर त्या काढाच, त्यांचा प्रकाश सेकंदाला शंभरेक वेळा कमी-जास्त होतो आणि फिरतं पातं किंवा ड्रिल कधीकधी थांबल्यासारखं दिसतं, त्याला हात लागला तर बोटं जातात. प्लग पॉइंट टॉपच्या वर हातभर उंचीवर भिंतीत, म्हणजे वायर पुढच्या कडेवरून लोंबत नाही आणि भुसा सॉकेटमध्ये जात नाही. एक्स्टेंशनला एक्स्टेंशन जोडणं बंद करा. वायरमनकडून बेंचसाठी वेगळी लाइन ओढून घ्या, अर्थिंग तपासून घ्या आणि त्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीडी (करंट गळाला की लाइन लगेच तोडणारा स्विच) लावायला सांगा, हातात धातूची मशीन असताना करंट लागला तर तोच वाचवतो. हे काम स्वतः करू नका, अगदी येत असलं तरी.

प्रश्न: गॅरेजमध्ये गाडीपण उभी असते. बेंच टाकला तर दार उघडत नाही. काही उपाय?

उत्तर: घडीचा बेंच करा. भिंतीला जाड आडवी पट्टी अँकर बोल्टने पक्की करायची, तिला मजबूत बिजागऱ्यांनी टॉप, पुढे दोन घडीचे पाय. खोली दीड फूट, वापर झाला की टॉप खाली भिंतीला टेकतो. अँकर विटेत घ्या, दोन विटांच्या मधल्या सांध्यात नको, आणि प्लास्टरची जाडी अँकरच्या लांबीत धरू नका, प्लास्टर काहीच पेलत नाही. त्यावर जोरात रंधा मारण्याचं सुख मिळणार नाही हेही खरं, ते आधीच कळलेलं बरं. चाकं लावायची असतील तर काम करताना वर उचलली जाणारी घ्या, नुसती लॉकची चाकं थोडी हलतातच.

गाडीवाल्यांनी अजून एक ऐकाच. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरून राहते. पेट्रोलचा वास येत असेल तेव्हा ग्राइंडर, वेल्डिंग, ठिणगी उडणारं काहीच नको, आधी दरवाजा उघडून हवा खेळू द्या. आणि थंडी आहे म्हणून दरवाजा बंद ठेवून गाडी चालू करून बघायची नाही, एक मिनिटही नाही, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

प्रश्न: टॉपला शेवटी काय लावू, सनमायका की पॉलिश?

उत्तर: सनमायका नको, गुळगुळीत पृष्ठभागावर काम सरकतं. जवसाचं उकळलेलं तेल (दुकानातलं तयार ‘बॉइल्ड लिनसीड ऑइल’) दोन हात फडक्याने चोळा, पाचदहा मिनिटांनी जास्तीचं पुसून काढा. सांडलेला ग्लू त्यावरून खरवडून निघतो. किंवा वर 3 एमएमचा हार्डबोर्ड चार कोपऱ्यांना छोट्या स्क्रूने बसवा, खराब झाला की उलटा करा, मग बदला. तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कचऱ्याच्या डब्यात कधीही टाकू नका. ते तेल वाळताना उष्णता सोडतं, गोळा झालेल्या फडक्यात ती अडकते आणि काडी न लावता फडकं पेटतं. उघड्यावर एकेक फडकं पसरून कडक होईपर्यंत वाळवा, नाहीतर पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात बुडवून ठेवा.